मेहरूणचा तलाव गोठला तर?

जानेवारीतली सकाळ. मेहरूण तलावाच्या कडेनं मी आणि माझा भाचा फिरायला निघालो होतो. भाचा सहावीत आहे आणि त्याच्या खिशात कायम काहीतरी खायला असतं. त्या दिवशी बोरं होती. मेहरूणची बोरं किती प्रसिद्ध आहेत, ते जळगावकरांना सांगायला नको! थंडी झकास पडली होती. फिरायला आलेले आजोबा कानटोपी आणि मफलर घालून झपाझप चालत होते. पाण्यावरून धुक्याचे पुंजके सरकत होते.

मधेच भाचा थांबला. त्यानं एक खडा उचलून पाण्यात टाकला. डुबुक्!

“मामा, आपला तलाव गोठत का नाही हो?”

“का रे? गोठायला कशाला हवा?”

“काल मी व्हिडिओ पाहिला. लेहची माझ्याएवढी पोरं तलावावर हॉकी खेळता! तलावात नाही, तलावावर! आपला गोठला तर आपण पण टीम काढू. मेहरूण इलेव्हन.”

“आइस हॉकीत एका वेळी सहाच जण उतरतात.”

“मग मेहरूण सिक्स!”

मुलांनो, प्रश्न गमतीचा वाटतो, पण तो सोडवता सोडवता आम्ही लेहपासून कॅनडापर्यंत जाऊन आलो, आणि परतताना बर्फाच्या गोळ्याच्या गाडीपाशीही थांबलो. चला, तुम्हीही या.

पाणी सहजासहजी गोठत नाही

थंडीची लाट आली की जळगाव-धुळ्याचा पारा दहा अंशांच्या खाली उतरतो. आपण शेकोटी पेटवतो, गोधडीतून बाहेर यायला नको म्हणतो. पण पाणी गोठतं 0 अंशाला. तिथवर आपली थंडी पोचत नाही, आणि एखाद्या रात्री पोचली तरी तलाव लगेच गोठणार नाही. त्याची दोन कारणं आहेत आणि दोन्ही भारी आहेत.

पहिलं कारण असं. बहुतेक वस्तू थंड होताना आक्रसत जातात. पाणीही आक्रसतं, पण 4 अंशांपर्यंतच. त्यापेक्षा थंड झालं की ते उलट फुगायला लागतं! म्हणजे 4 अंशांचं पाणी सगळ्यांत जड. तलावाच्या वरचं पाणी थंड झालं की ते जड होऊन तळाशी जातं आणि खालचं उबदार पाणी वर येतं. तेही थंड होतं, तेही खाली जातं. ही वर-खाली ये-जा सगळा तलाव 4 अंशांवर येईपर्यंत चालू राहते. त्यानंतर वरचं पाणी आणखी थंड झालं तर ते हलकं होऊन वरच थांबतं, आणि मग तिथे बर्फाचा पापुद्रा धरतो. म्हणून तलाव वरून खाली गोठत जातो आणि बर्फाखाली मासे जिवंत राहतात.

दुसरं कारण आणखी गमतीचं. समजा, पाणी 0 अंशावर आलं. आता झाला का बर्फ? छे! 0 अंशाच्या पाण्याचा 0 अंशाचा बर्फ करायचा तर त्यातून आणखी खूप उष्णता बाहेर काढावी लागते. किती? 80 अंशांचं कढत पाणी 0 अंशापर्यंत थंड करायला जेवढी काढावी लागेल, तेवढी! थर्मामीटरचा पारा जागचा हलत नाही आणि उष्णता मात्र जातच राहते.

आता मेहरूण तलाव डोळ्यांसमोर आणा. एवढं पाणी आधी 4 अंशांवर यायचं, मग वरचा थर 0 वर, मग त्याचा बर्फ. गोठलेल्या तलावावर माणसानं नुसतं चालायचं म्हटलं तरी चांगला घट्ट, किमान चार इंच जाड बर्फ लागतो. आपल्याकडे रात्री गारठा पडतो आणि दुपारी ऊन तापतं. रात्री जी उष्णता जाते, ती ऊन दुपारी परत भरून देतं. तलाव गोठणार कसा?

आणि लेहमध्ये?

जळगाव समुद्रसपाटीपासून जेमतेम दोनशे मीटर उंच आहे. लेह आहे सुमारे साडेतीन हजार मीटरवर. तिथली हवा विरळ आणि कोरडी, आकाश बहुधा निरभ्र. सूर्य मावळला की जमिनीतली उष्णता भराभर निघून जाते. हिवाळ्यात रात्रीचा पारा शून्याखाली पंधरा-वीस अंश जातो, आणि हे एक-दोन रात्री नाही तर आठवडेच्या आठवडे चालतं. लेहमधले करझू आणि गुपुख हे तलाव मग टणक होतात आणि पोरं वाट बघत असतात त्या सीझनला सुरुवात होते.

आपल्याला सीझन म्हटलं की आंब्याचा, लग्नाचा आठवतो. लेहच्या पोरांचा आइस हॉकीचा सीझन साधारण डिसेंबरच्या शेवटी सुरू होतो आणि फेब्रुवारीत संपतो. जेमतेम दोन महिने! तारखा कुठली समिती ठरवत नाही. त्या थंडी ठरवते. बर्फ धरला की खेळ सुरू आणि बर्फ मऊ पडला की घरी. म्हणून त्या दोन महिन्यांत शाळकरी मुलं, गावोगावचे संघ, लष्कराचे जवान, सगळे बर्फावर असतात. गावाकडे लोक मोकळ्या जागेत रात्री पाण्याचा पातळ थर सोडतात, तो गोठला की त्यावर दुसरा, मग तिसरा. पाटाचं पाणी देतात तसंच, फक्त पीक उगवतं ते बर्फाचं.

लडाखमध्ये हा खेळ रुजवला लष्करातल्या जवानांनी. सुरुवातीच्या काळात स्केट्स मिळायचेच नाहीत. मग लोकांनी जुन्या बुटांखाली लोखंडी पाती ठोकून स्केट्स बनवले. आज त्याच लडाखच्या मुली भारताच्या संघात आहेत. भारताचा महिला संघ 2016 साली पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरला. 2017 साली बँकॉकमध्ये त्यांनी फिलिपाइन्सला 4-3 असं हरवलं. तो त्यांचा पहिला विजय. आणि 2025 साली संयुक्त अरब अमिरातीतल्या अल ऐन इथे आशिया चषकात त्यांनी कांस्यपदक मिळवलं. आता गंमत बघा, अल ऐन हे वाळवंटातलं शहर आहे! वाळवंटात बर्फ कुठून आला? थांबा, तिथे येतोच आहोत.

खेळ असतो तरी कसा?

मैदान साधारण 60 मीटर लांब आणि 26 ते 30 मीटर रुंद. त्याला रिंक म्हणतात. भोवती उंच फळ्यांचं कुंपण. प्रत्येक बाजूला गोलकीपर धरून सहा खेळाडू. वीस-वीस मिनिटांचे तीन डाव. चेंडू नाही, तर रबराची काळी चकती. तिचं नाव पक. रुंदी साडेसात सेंटिमीटर, जाडी अडीच सेंटिमीटर, वजन 156 ते 170 ग्रॅम. मॅचच्या आधी पक चक्क गोठवून ठेवतात. साधं रबर उसळतं. गोठवलेलं रबर कमी उसळतं आणि बर्फाला चिकटून सरळ घसरत जातं.

चेंडूऐवजी चपटी चकती आली त्यालाही कारण आहे. 3 मार्च 1875 रोजी कॅनडातल्या माँट्रियल शहरात पहिल्यांदा छताखालच्या रिंकमध्ये ठरवून मॅच झाली. चेंडू उडून प्रेक्षकांना लागेल, म्हणून त्या दिवशी लाकडाची चपटी चकती वापरली होती.

पक किती वेगानं जातो? 2012 साली झ्देनो चारा नावाच्या धिप्पाड खेळाडूनं एका स्पर्धेत ताशी 175 किलोमीटरचा फटका मारला. आपल्या महामार्गावरच्या बहुतेक गाड्या त्यापुढे मागे पडतील! हा फटका मारताना खेळाडू काठी थेट पकवर मारत नाही. पकच्या किंचित आधी बर्फावर आपटतो. काठी धनुष्यासारखी वाकते आणि पुढच्या क्षणी सरळ होताना सगळी ताकद पकला देऊन टाकते. गलोलीचं रबर ताणून सोडतो ना, तसंच.

बर्फ घसरडा का? तीन संशयित

भाच्यानं इथे मला अडवलं. “पण मामा, फरशीपण गुळगुळीतच असते. तिच्यावर स्केट्स का नाही घसरत?”

शाब्बास! शास्त्रज्ञ या प्रश्नावर पावणेदोनशे वर्षं डोकं खाजवताहेत. आपणही पोलिसांसारखा तपास करू.

पहिला संशयित म्हणजे दाब. बर्फावर दाब दिला तर तो 0 अंशाच्या किंचित खालीही वितळतो. स्केटचं पातं असतं जेमतेम तीन मिलिमीटर जाड. त्यावर अख्ख्या माणसाचं वजन. म्हणजे पात्याखाली पाणी सुटत असणार! पुष्कळ पुस्तकांत हेच उत्तर असायचं. पण गणित केलं तर त्या दाबानं वितळण्याचा बिंदू फार तर तीन-चार अंश खाली येतो. लेहची पोरं तर त्याहून कितीतरी थंड बर्फावर मजेत घसरतात. एकट्या दाबाचं हे काम नाही.

दुसरा संशयित म्हणजे घर्षण. हात चोळले की गरम होतात, तसं पातं घासून बर्फ वितळत असेल. हे बऱ्याच अंशी खरं आहे. पण बर्फावर नुसतं उभं राहिलं तरी पाय सटकतोच! घासायच्या आधीच सटकतो तो कशानं?

तिसरा संशयित आहे बर्फाचा स्वतःचा पृष्ठभाग. बर्फाच्या आतल्या पाण्याच्या रेणूंना चारही बाजूंनी शेजाऱ्यांनी घट्ट धरलेलं असतं. पण सगळ्यांत वरच्या रेणूंना वरून धरायला कोणीच नाही. ते सैल असतात, वळवळतात, जागा बदलतात. फरशीवर सांडलेल्या गोट्यांवर पाय पडला तर काय होईल? धप्पकन! बर्फावर तेच होतं, फक्त या गोट्या डोळ्यांना न दिसण्याइतक्या लहान आहेत.

हे पहिल्यांदा कोणाच्या डोक्यात आलं? मायकेल फॅरेडे यांच्या. विजेवरच्या प्रयोगांमुळे ज्यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल, तेच. 1850 च्या सुमारास त्यांनी बर्फाचे दोन तुकडे एकमेकांना टेकवले आणि ते चिकटून एक झाले. त्यांनी विचार केला: बर्फ 0 अंशाच्या खाली असला तरी त्याच्या अंगावर पाण्यासारखा एक पातळ थर असला पाहिजे. दोन तुकडे एकत्र आले की तो थर आत अडकतो, गोठतो आणि सांध्याचं काम करतो.

आता सांगा, हा प्रयोग तुम्ही कुठे पाहिलाय?

अहो, गोळेवाल्याच्या गाडीवर! तो लादी किसतो, भुगा मुठीत घेऊन काडीभोवती दाबतो आणि सुट्या भुग्याचा घट्ट गोळा होतो. ना डिंक, ना गूळ. बर्फ बर्फाला चिकटला. गोळेवाले काका रोज फॅरेडेंचा प्रयोग करतात आणि वर काला खट्टा ओततात!

आणखी एक मजा. 2018 साली अ‍ॅमस्टरडॅमच्या शास्त्रज्ञांनी मोजून पाहिलं की बर्फ सगळ्यांत जास्त घसरडा कधी असतो. उत्तर आलं उणे 7 अंशांच्या आसपास. त्याहून थंड बर्फावरचे रेणू सुस्त होतात, आणि त्याहून उबदार बर्फ मऊ पडून पातं त्यात रुततं. हॉकीच्या रिंकवरचा बर्फ साधारण उणे 5-6 अंशांवर ठेवतात. शास्त्रज्ञांनी मोजण्याच्या कितीतरी आधी खेळाडूंच्या पायांनी ते ओळखलं होतं.

करून बघा

फ्रिजमधले बर्फाचे दोन खडे घ्या. त्यांच्या सपाट बाजू एकमेकांवर अर्धा मिनिट घट्ट दाबून धरा. मग एकच खडा धरून उचला. दुसरा सोबत येतो का? एकदा फ्रीजरमधून नुकत्याच काढलेल्या खड्यांवर करा आणि एकदा दहा मिनिटं बाहेर राहून पाणी सुटलेल्या खड्यांवर. कुठले चांगले चिकटले ते वहीत लिहा, आणि असं का झालं असेल याचा अंदाजही त्याखाली लिहा.

जळगावात रिंक बांधायची तर

तलाव गोठत नाही ना? मग बर्फ आपणच करू! अल ऐनच्या वाळवंटात तेच केलंय. आणि आनंदाची बातमी अशी की यातली एकही गोष्ट जळगावला नवी नाही.

बर्फाच्या कारखान्यात कधी गेलात का? एका मोठ्या हौदात मिठाचं पाणी असतं. यंत्रानं ते शून्याच्या खाली दहाएक अंश थंड करतात. मीठ असल्यामुळे ते स्वतः गोठत नाही. त्या हौदात साध्या पाण्यानं भरलेले पत्र्याचे उंच डबे सोडतात. खारं पाणी डब्यांतली उष्णता ओढून घेतं आणि आत लादी तयार होते. मडक्यातल्या कुल्फीचं तत्त्वही हेच. कुल्फीवाला बर्फात मीठ घालतो, कारण मीठ घातलेला बर्फ 0 च्याही खाली जातो.

रिंक म्हणजे हाच हौद, आडवा पसरलेला! सिमेंटच्या जमिनीत पाइपांचं जाळं पुरलेलं असतं. त्यातून खारं पाणी किंवा न गोठणारा दुसरा द्रव फिरवतात. वर पाण्याचे पातळ थर एकामागून एक फवारतात. मधल्या एका थराला पांढरा रंग देतात, नाहीतर काळा पक दिसणार कसा? शेवटी बर्फ होतो साधारण तीन सेंटिमीटर जाड. बास, एवढाच!

चला, हिशोब करू. 60 मीटर गुणिले 30 मीटर गुणिले 0.03 मीटर, म्हणजे 54 घनमीटर. गोठताना पाणी फुगतं, म्हणून पाणी लागेल सुमारे 50 हजार लिटर! दहा हजार लिटरचे पाच टँकर. पाणी इतपतच लागतं. खरा खर्च असतो विजेचा. उन्हाळ्यात दुपारी बाहेर 45 अंश आणि आत उणे 5, म्हणजे 50 अंशांचा फरक राखायचा. फ्रिजच्या मागे हात लावून बघा, गरम लागतं ना? आतली उष्णता उचलून बाहेर टाकण्याचं काम यंत्राला सतत करावं लागतं. डेहराडूनला 2011 साली मोठी बंदिस्त रिंक बांधली गेली. पण बर्फ राखणं महागडं काम, त्यामुळे ती बरीच वर्षं बंद होती. 2025 साली ती पुन्हा सुरू झाली आणि तिथे आशियाई पातळीवरची स्केटिंग स्पर्धाही झाली.

थंडी सांभाळण्यात जळगावचे लोक तर उस्ताद आहेत. आपली केळी परदेशी निघतात तेव्हा कंटेनरमध्ये 13-14 अंश राखावे लागतात. त्याहून गार झालं तर साल काळवंडते, जास्त उबदार राहिलं तर वाटेतच पिकतात. अंशा-अंशाची ही राखण ज्यांना जमते, त्यांना रिंक राखण्याचं तंत्र का नाही जमणार?

बर्फाच्या लादीवरून हॉकीच्या रिंकवर गेलेला एक माणूस खरोखर होऊन गेला. त्याचं नाव फ्रँक झांबोनी. अमेरिकेत कॅलिफोर्निया नावाचं उबदार राज्य आहे. तिथे त्याचा आणि त्याच्या भावाचा बर्फाच्या लाद्यांचा कारखाना होता. पुढे घरोघरी विजेचे फ्रिज आले आणि लाद्यांना गिऱ्हाईक उरेना. दोघा भावांनी काय करावं? थंडी करण्याची विद्या हातात होतीच. त्यांनी 1940 साली चक्क रिंक उघडली! पण लोक खेळले की बर्फावर ओरखडे पडायचे आणि तो पुन्हा गुळगुळीत करायला तीन-चार माणसांना तासाहून जास्त वेळ लागायचा. फ्रँकनं कित्येक वर्षं खटपट केली आणि 1949 साली एक गाडी बनवली. ती बर्फाचा वरचा थर खरवडते, चुरा गोळा करते, धुते आणि मागून पाणी पसरत जाते. काम दहा-पंधरा मिनिटांत फत्ते. आज जगभर या गाडीला त्याच्याच नावानं ओळखतात.

या गाडीतून गार नाही, गरम पाणी सोडतात! गरम पाणी ओरखड्यांच्या कडा किंचित वितळवून त्यात नीट मिसळतं. शिवाय गरम पाण्यात विरघळलेली हवा कमी असते, म्हणून बर्फात बुडबुडे कमी आणि तो जास्त टणक. बर्फाची लादी मधोमध पांढुरकी दिसते ना? गोठताना हवा आत आत ढकलली जाते आणि शेवटी मधे अडकते. तेच ते बुडबुडे.

लीगचं गणित

भाच्याला आता लीगच काढायची होती. “मेहरूण, पिंप्राळा, भुसावळ, चोपडा, अमळनेर, पाचोरा, धुळे, शिरपूर. आठ टीम! किती मॅच होतील?”

बाद पद्धतीनं खेळलात तर सात मॅचमध्ये सगळं संपेल. दर मॅचला एक संघ घरी जातो. सात घरी गेले की एक उरतो. पण निम्मे संघ एकच मॅच खेळून परतणार! मुलांच्या लीगमध्ये तसं करत नाहीत, कारण मुलं खेळूनच शिकतात. लीगमध्ये प्रत्येक संघ प्रत्येकाशी खेळतो. आठ संघ, प्रत्येकाला सात प्रतिस्पर्धी: 8 गुणिले 7 झाले 56. पण मेहरूण विरुद्ध धुळे आणि धुळे विरुद्ध मेहरूण ही एकच मॅच दोनदा मोजली गेली, म्हणून भागिले 2. एकूण 28 मॅच. घरच्या आणि बाहेरच्या रिंकवर दोन्हीकडे खेळायचं तर पुन्हा 56.

आंतरराष्ट्रीय आइस हॉकीत गुण कसे देतात? ठरल्या वेळेत जिंकलं तर 3, हरणाऱ्याला 0. बरोबरी होऊन जादा वेळेत निकाल लागला तर जिंकणाऱ्याला 2 आणि हरणाऱ्याला 1. म्हणजे कुठलीही मॅच असो, वाटले जातात बरोबर 3 गुण. 28 मॅचच्या लीगमध्ये सगळ्यांचे गुण मिळून 84 यायलाच हवेत. आले नाहीत तर तक्त्यात कोणीतरी चूक केली! तुमच्या सोसायटीच्या कबड्डी लीगलाही ही युक्ती लावून बघा.

एका मॅचमध्ये नशिबाचा हात असतो. पक फळीवर आपटून भलतीकडे जातो आणि गोल होतो. पण नशीब सातच्या सात मॅचमध्ये एकाच्याच बाजूनं उभं राहत नाही. म्हणून सीझनच्या शेवटी तक्त्यात वर असणारा संघ बहुधा खरोखरच चांगला असतो.

जानेवारीत जन्मलेल्यांचं कोडं

कॅनडात लहान मुलांच्या हॉकीचे वयाप्रमाणे गट असतात: सातच्या आतले, नऊच्या आतले, अकराच्या आतले, असे अठरापर्यंत. अगदी चिमुकल्यांना अर्ध्याच रिंकवर खेळवतात, म्हणजे पक सारखा त्यांच्या काठीला लागतो. छोट्या गटांत अंगावर धडक मारायला बंदी असते.

1980 च्या दशकात रॉजर बार्न्सली नावाचे मानसशास्त्रज्ञ पत्नी पॉला यांच्यासह ज्युनियर हॉकीची एक मॅच बघायला गेले होते. पॉला सहज खेळाडूंच्या माहितीचं पत्रक वाचत होत्या आणि एकदम चमकल्या. बऱ्याच जणांचे वाढदिवस जानेवारी, फेब्रुवारी, मार्चमध्ये! ऑक्टोबर ते डिसेंबरचे अगदी थोडे. हे कसं? बार्न्सलींनी इतर संघांच्या याद्या तपासल्या. तिथेही तेच. 1985 साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं.

ग्रहांचा काही प्रभाव? मुळीच नाही! वयोगट मोजतात 1 जानेवारीपासून. एकाच गटात एक मूल जानेवारीतलं आणि दुसरं डिसेंबरमधलं. नऊ-दहा वर्षांच्या मुलांत जवळपास एका वर्षाचा फरक म्हणजे केवढा! जानेवारीतला थोडा उंच, थोडा ताकदवान. प्रशिक्षकाला वाटतं, हा हुशार आहे. त्याला चांगल्या संघात घेतात, तिथे सराव जास्त मिळतो, आणि मग तो खरंच चांगला होतो. डिसेंबरमधलं मूल मागे पडतं, केवळ थोडं उशिरा जन्मलं म्हणून.

हे मला फार महत्त्वाचं वाटतं. तुमच्या वर्गातही काही जण जवळपास वर्षभरानं मोठे असतील. तुम्हाला उड्या कमी मारता येत असतील, अक्षर अजून वळत नसेल, तर “मला जमतच नाही” असं म्हणायची घाई करू नका. कदाचित तुमचा अजून डिसेंबर चालू असेल.

बर्फ नाही? चाकं आहेत!

1980 च्या सुमारास अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात स्कॉट आणि ब्रेनन ऑल्सन हे भाऊ हॉकी खेळत. उन्हाळ्यात बर्फ नाही, मग सराव कुठे करायचा? त्यांनी एका ओळीत चाकं बसवलेले जुने स्केट्स शोधले, सुधारले आणि रस्त्यावरच सराव सुरू केला. आज आपल्याकडची मुलं बागेत, मैदानावर इनलाइन स्केट्स घालून पळतात ना, त्यांच्या प्रसारामागे बर्फ न मिळालेल्या या हॉकीवाल्यांची धडपड आहे.

आपल्या महाराष्ट्रातली मुलंही याच वाटेनं जातात. वर्षभर सिमेंटच्या ट्रॅकवर चाकांचे स्केट्स आणि मग बर्फावर पाती. लेहमधल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांत महाराष्ट्राच्या मुलामुलींनी आइस स्केटिंगची पदकं आणली आहेत. ज्यांच्या अंगणात कधी बर्फ पडला नाही, त्यांनी!

परत पाण्यापाशी

एवढं सगळं ऐकून भाचा जरा हिरमुसलाच. “म्हणजे आपला तलाव कधीच नाही गोठणार.”

मी काही बोललो नाही. पुढच्या रविवारी त्याला घेऊन हतनूर धरणावर गेलो. भल्या पहाटे, दुर्बीण घेऊन. पाण्याच्या कडेला केशरी-बदामी रंगाची बदकं बसली होती. मधूनच भोंग्यासारखा आवाज काढत होती.

“यांना चक्रवाक म्हणतात,” मी सांगितलं. “उन्हाळ्यात ती लडाख, तिबेट, मध्य आशियातल्या उंच तलावांकाठी घरटी करतात. हिवाळ्यात तिकडचं पाणी गोठायला लागतं. मग चरणार कुठे? ती हिमालय ओलांडून खाली येतात.”

भाचा दुर्बिणीतून बघत राहिला. त्याच्या डोक्यात काहीतरी जुळत होतं.

“मामा, म्हणजे तिकडचा तलाव गोठला की तिकडच्या पोरांचा सीझन सुरू होतो…”

“हो.”

“आणि आपला तलाव गोठत नाही, म्हणून यांचा सीझन इकडे सुरू होतो!”

त्यानं खिशातून बोरं काढली. एक मला दिलं. मग बराच वेळ आम्ही काहीच बोललो नाही. दूर लेहमध्ये या वेळी कोणीतरी पोरगी बर्फाच्या कडेला बसून स्केट्सच्या नाड्या घट्ट बांधत असेल. आणि इथे, न गोठलेल्या पाण्यावर, तिच्या मुलखातून आलेले पाहुणे पंख पसरून ऊन खात होते.